बाबांच्या १४० कॅसेटा आणि एक जुना डेक: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी एक वापरलेला कॅसेट डेक आणि डेकचा आवाज संगणकात नेणारा एक यूएसबी ऑडिओ इंटरफेस घेतला. डेक ६,५०० रुपयांना पडला, त्याच्या दुरुस्तीला १,८०० लागले आणि इंटरफेस ९,००० चा. आता जुलै उजाडलाय आणि १४० पैकी ११७ कॅसेटा संगणकावर उतरवून झाल्या आहेत. घरोघरी माळ्यावर अशा कॅसेटा पडून आहेत हे मला माहीत आहे, आणि त्या फार दिवस थांबणार नाहीत हेही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी या कॅसेटा कसल्या ते सांगायला हवं. बाबा मिरजेत बँकेत नोकरीला होते. पगारातून घेतलेला एक छोटा टेपरेकॉर्डर खांद्याला लावून ते बैठकींना जात आणि आयोजकांची परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करत. मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत होणारी संगीत सभा, कोल्हापूरचा देवल क्लब, आणि डिसेंबरात रजा टाकून पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव. गाणारे कोण, तर भीमसेन जोशी, मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, कुमार गंधर्व, किशोरीताई आमोणकर. लेबलांवर बाबांच्या बारीक अक्षरात नाव आणि राग, क्वचित वेळ. तारीख जवळजवळ कुठेच नाही. "तारीख कोणाला हवी होती तेव्हा," असं ते म्हणतात.

यातल्या बहुतेक कलाकारांच्या ध्वनिमुद्रिका बाजारात मिळतात, मग ही खटपट कशाला, असं मला अनेकांनी विचारलं. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. एलपी आली तेव्हा एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळू लागली. स्टुडिओत गवई त्या मापात बसवून गातो. बैठकीत मात्र मन्सूर एखादा अनवट, क्वचितच गायला जाणारा राग धरून पाऊण तास बसतात, आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना समोरचे श्रोते त्यांच्याबरोबर श्वास धरून असतात. ते सगळं त्या कॅसेटवर आहे. तिथे गवई एकटा गात नाही, पुढचे श्रोतेही त्या गाण्यात आहेत.

डेकच्या आधी मी एक चूक केली होती. कॅसेट घालायची, केबल संगणकाला लावायची, झालं, असा दोन हजारांच्या आत मिळणारा यूएसबी प्लेयर मी मागवला होता. तो कोणी घेऊ नये म्हणून कारण सांगते. तानपुरा हा वेग तपासायचा सगळ्यात कडक परीक्षक आहे. तोंडी गाण्यात टेपचा वेग किंचित हलला तर ते गमकात खपून जातं, पण तानपुऱ्याचा षड्ज, म्हणजे सा, जागचा हलता कामा नये. त्या प्लेयरवर तो सारखा डुलत होता, पाण्यात धरल्यासारखा. शिवाय यूएसबीची बारीक किरकिर गाण्याच्या मागे सतत. तिसऱ्याच आठवड्यात त्याने गंगूबाईंची एक कॅसेट खाल्ली. चुरगळलेली टेप मी सपाट केली, तुटलेलं टोक जोडपट्टीने जोडलं, तरी दर्ग्यातल्या त्या बैठकीतला दोन सेकंदांचा तुकडा कायमचा गेला. तो प्लेयर त्याच दिवशी कपाटात ठेवला.

मग पुण्याच्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, चौकशी करत एका जुन्या दुरुस्तीवाल्यापर्यंत पोचले. डेक त्यांच्याकडेच पडून होता. आतला रबरी बेल्ट वितळून डांबरासारखा चिकट झालेला, टेप दाबून पुढे नेणारा पिंच रोलर कडक. दोन्ही बदलून दिले, आणि निघताना एक बारीक पेचकस हातात ठेवून म्हणाले, "ताई, हा जवळच ठेवा. प्रत्येक कॅसेटला लागेल." तेव्हा मला ते समजलं नव्हतं. आता सांगते की एवढ्या खर्चात सगळ्यात मोलाची गोष्ट तो पेचकसच आहे.

टेप वाचणाऱ्या हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो. त्याने हेडचा कोन किंचित बदलतो. टेपवर ज्या कोनात नोंद झाली, वाचणारं हेड बरोबर त्याच कोनात असलं तरच वरचे स्वर नीट येतात. बाबांच्या टेपरेकॉर्डरचं हेड अगदी थोडं तिरकं असणार, कारण त्यावर भरलेली प्रत्येक कॅसेट माझ्या डेकवर सुरुवातीला घोंगडीआडून ऐकू यावी तशी येई. मी समजत होते की टेपच जुनी झाली. स्क्रू पाव फेऱ्याहूनही कमी फिरवला आणि तबल्याची चाट, म्हणजे कडेवरचा बोल, लख्ख उघडली. तानपुऱ्याची जवारी, तारांचा तो झणकार, आली. मागच्या रांगेत कोणीतरी पानाचा डबा उघडतंय, तो टिचकीचा आवाजही आला. तेव्हापासून माझा क्रम ठरून गेला आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड आणि रोलर पुसायचे, कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळायची, मग तबला वाजत असलेली जागा लावून डोळे मिटून स्क्रू फिरवायचा. आवाज सर्वांत उघडा वाटतो तिथे थांबायचं. दोन मिनिटांचं काम आहे, आणि संगणकावर नंतर कितीही झटलं तरी याची भरपाई होत नाही.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. ध्वनिमुद्रणासाठी ऑडॅसिटी वापरते. ते मोफत आहे आणि या कामाला पुरून उरतं. त्यात खरखर कमी करायची सोय आहे. नुसत्या खरखरीचा एक तुकडा निवडायचा, प्रणाली त्याची ओळख करून घेते आणि तेवढं सगळीकडून कमी करते. मी कुमारांच्या एका बैठकीतली दोन चिजांमधली शांत जागा निवडली आणि ते लावलं. खरखर गेली, मी खूश झाले, आणि अशा अकरा कॅसेटा करून ठेवल्या. एका रविवारी बाबांना ऐकवल्या. त्यांना कमी ऐकू येतं, कानाला यंत्र आहे. थोडा वेळ ऐकून ते म्हणाले, "तानपुरा कुठे गेला?"

तानपुरा खरोखरच गेला होता. बैठकीत शांत जागा म्हणजे गायक थांबलेला असतो, तानपुरे थोडेच थांबतात. मी खरखर म्हणून जो तुकडा दिला त्यात तानपुरेच वाजत होते, आणि सतत, एकसारखं वाजणारं ते सगळं या प्रणालीला खरखरच वाटणार. कुमारांचे तानपुरे, ज्यांच्या जुळवणुकीसाठी ते किती वेळ देत हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते मी माझ्या हाताने पुसले होते. चांगले जुळले की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मूळ प्रत पुन्हा लावली तेव्हा तो गंधार स्पष्ट होता. माझ्या साफ केलेल्या प्रतीत गाणं होतं, पण ज्या जमिनीवर ते उभं होतं ती गायब होती. त्या अकरा कॅसेटा मी पुन्हा उतरवल्या. त्यानंतर खरखर कमी करायच्या त्या सोयीला हात लावलेला नाही. खरखरीची कानाला दहा मिनिटांत सवय होते, हा अनुभव आहे.

याच चुकीच्या मागोमाग दुसरी उघडी पडली. सुरुवातीला मी जुळवाजुळवीची मिनिटं कापून टाकत होते. फाइल आटोपशीर दिसावी म्हणून. किशोरीताईंच्या एका कॅसेटवर सुरुवातीला बराच वेळ नुसती जुळवणी आहे. स्वरमंडळाच्या तारा एकेक करून, मध्ये थांबून, पुन्हा. मग त्यांचा पहिला षड्ज येतो. तो आधीच्या जुळवणीशिवाय ऐकला की एक सुरेल षड्ज वाटतो. जुळवणीसकट ऐकला की तो येईपर्यंत आपला कानही जुळलेला असतो, आणि मग अंगावर काटा येतो. आता मी काहीच कापत नाही. खाकरणं, माइकची शिट्टी, निवेदकाचं बोलणं, सगळं ठेवते.

वेगाचा एक गुंता मात्र डेकने सुटत नाही. बाबांचा टेपरेकॉर्डर सेलवर चाले. सेल उतरू लागले की रेकॉर्डिंग करताना टेप मंद फिरते, आणि ती टेप आज बरोबर वेगाने लावली की गाणं वर वर चढत जातं. गंगूबाईंचा तो भारदस्त, खोल आवाज एका कॅसेटच्या शेवटी कोवळ्या मुलीचा होतो. वेग सुमारे सहा टक्के चुकला की पूर्ण एक पट्टी बदलते. मी रेकॉर्डिंगमध्ये उतरलेल्या विजेच्या ५० हर्ट्झच्या गुणगुणीवरून वेग मोजायचा प्रयत्न केला होता, पण त्या काळी आपल्याकडे विजेची वारंवारताच खालीवर होत असे, त्यामुळे ते माप भरवशाचं नाही. पेटी बरी. पेटीची पट्टी बैठकीच्या मध्येच बदलत नाही, म्हणून सुरुवातीच्या पेटीचा षड्ज धरून ऑडॅसिटीतल्या टाइम ट्रॅकने शेवटाकडे हळूहळू वेग उतरवत आणते. एका कॅसेटला अख्खी संध्याकाळ जाते. केलेल्या ११७ पैकी १४ कॅसेटांना हे करावं लागलं.

बाकी किरकोळ गोष्टी. छोट्या टेपरेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त होते, त्यामुळे टाळ्यांनंतर गाणं काही क्षण दबतं. त्यावर उपाय मिळाला नाही, आणि मी शोधणं सोडलं. खरखर कमी करणाऱ्या डॉल्बीचं बटण बंदच ठेवा, कारण भरताना ते नव्हतं. मी २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर उतरवते. ९० मिनिटांच्या एका कॅसेटला दीड जीबी लागतात, फ्लॅक या, आवाज न बिघडवता फाइल लहान करणाऱ्या प्रकारात केलं की बरंच कमी. १२० मिनिटांच्या कॅसेटा असतील तर फार जपा, त्यांची टेप अतिशय पातळ असते. पावसाळ्यात रिळाच्या कडेवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट डेकमध्ये घालूच नका, नाहीतर पुढच्या सगळ्यांना लागते. माझ्या उरलेल्या २३ त्यामुळेच सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात बंद आहेत, दिवाळीपर्यंत.

डेकबद्दल तक्रारी म्हणाल तर दोन. कॅसेट थोडी जड फिरली की हा आपोआप थांबतो, म्हणून त्याच्यासमोरून उठता येत नाही. आणि सुटा भाग गेला तर दुसरा जुना डेक फोडूनच मिळतो. इंटरफेसबद्दल मला एकही तक्रार नाही.

उठता येत नाही याचा एक फायदा झाला. कॅसेट जेवढ्या मिनिटांची तेवढी मिनिटं ऐकावीच लागते, आणि तशी ऐकताना मला एक गोष्ट लक्षात आली जी फाइलवर उड्या मारत ऐकताना कधीच आली नसती. मोठ्या ख्यालांच्या कॅसेटांवर पहिल्या बाजूच्या शेवटी चार, पाच, कधी सात मिनिटं कोरी आहेत. आधी वाटलं टेप पुसली गेली असेल. मग कळलं की बाबा ४५ मिनिटं संपायची वाट बघतच नव्हते. विलंबित, म्हणजे संथ भाग, संपत आलं की त्यांना अंदाज येई, पुढचं जलद द्रुत मध्येच तुटू नये म्हणून ते टाळ्यांत कॅसेट उलटून घेत. त्यासाठी गवई पुढच्या पाच मिनिटांत काय करणार हे ओळखावं लागतं. मन्सूरांच्या बाबतीत त्यांचा अंदाज दोनदा चुकलाय, भीमसेनांच्या बाबतीत एकदाही नाही. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मन्सूर थांबतील असं वाटायचं, आणि ते थांबायचेच नाहीत." ती कोरी मिनिटंही आता फाइलमध्ये तशीच आहेत.

या फाइली मी कुठेही सर्वांसाठी टाकणार नाही. आपल्या कायद्यात सादरीकरणावर कलाकाराचा हक्क ५० वर्षं राहतो, आणि कायदा बाजूला ठेवला तरी बाबांना परवानगी मिळाली होती ती स्वतः ऐकण्यासाठी. ज्या कलाकारांच्या घरच्यांपर्यंत पोचता आलं, त्यांना प्रती दिल्या आहेत. कोणाकडे असा साठा असेल आणि तो सांभाळणं जमत नसेल, तर गुरुग्रामच्या एआरसीई (आर्काइव्हज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी) या ध्वनिमुद्रणं जपणाऱ्या संस्थेसारख्या संग्रहाशी बोलावं. मूळ कॅसेटा उतरवून झाल्यावरही टाकू नका, पुढे कोणाकडे याहून चांगला डेक आणि चांगला कान असेल.

सवाईच्या कॅसेटांपैकी एक मात्र अजून पुन्हा पुन्हा लावते. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, १९५२ साली गेले आणि १९५३ पासून भीमसेनजींनी हा महोत्सव सुरू केला. त्याची सांगता सवाईंच्याच भैरवीच्या ध्वनिमुद्रिकेने होते. रात्रभर जागरण करून पहाट उजाडलेली, आणि मंडपातले सगळे लोक तीन मिनिटांच्या जुन्या तबकडीसाठी बसून राहिलेले. बाबांनी ते भरलं आहे. त्यात तबकडीची करकर आहे, कर्ण्यांचा घुमारा आहे, टेपची खरखर आहे, आणि यातलं कुठलं कोणाचं हे वेगळं करता येत नाही. मधूनच एक लहान मूल रडतं, कोणीतरी त्याला उचलून बाहेर नेतं, पावलं ऐकू येतात. तबकडी संपल्यावर सुई चरात फिरत राहते, आणि बाबांनी रेकॉर्डिंग लगेच बंद केलेलं नाही.