चष्मा कायमचा जाईल म्हणून डोळ्याला चटके देऊन घेतले, पैसे गेले अन नंबर परत आला

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात ब्लाऊज शिवते, फॉल-पिकोचं काम करते, वय ४८. लहानपणापासून प्लसचा नंबर, दोन्ही डोळ्यांना चार, अन चाळिशीनंतर तर सुईत दोरा ओवणंच अवघड झालं. दोन वर्षांआधी गावात फुकट डोळे तपासणी लागली होती, तिथला माणूस म्हणे, "ताई, तालुक्याच्या दवाखान्यात मशीन आली, कापाकापी नाही, टाका नाही, दहा मिनिटांत चष्मा कायमचा जाते." कायमचा हा शब्द त्यानं तीनदा म्हटला. दोन्ही डोळ्यांचे ४२ हजार. नुकताच कापूस विकला होता, सहा क्विंटलचे पैसे तसेच नेऊन दिले.

थेंब टाकून डोळा बधिर केला, पापण्या चिमट्यानं उघड्या ठेवल्या, शाईनं गोल खूण केली अन केसासारख्या बारीक टोकानं बुबुळाच्या काठाकाठानं एकेक ठिपका देत गेले. दुखलं नाही, दाबल्यासारखं वाटलं. मला लेझर म्हणून सांगितलं, पण ते लेझर नव्हतंच, रेडिओ लहरींची उष्णता होती, कंडक्टिव्ह केराटोप्लास्टी म्हणतात. सही घेतली तो कागद इंग्रजीत, कोणी वाचून दाखवला नाही.

पहिले चार महिने खरंच बरं दिसलं, म्हणून मीच गावातल्या दोन बायांना जा म्हटलं, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटते. मग हळूहळू धूसर व्हायला लागलं, वर्षभरात चष्मा परत लागला अन वरून आता एका दोऱ्याचे दोन दिसतात. दवाखान्यात गेली तर म्हणे, वय झालं ना ताई, अजून १५ हजार भरा, परत करून देतो.

तेव्हा नागपूरले मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात दाखवलं. तिथल्या मॅडमनी नीट समजावलं. कोरं कापड गरम पाण्यात आटते तसं काठाचं कोलॅजन, म्हणजे तिथले बारीक तंतू, उष्णतेनं आकसते, अन नाडी आवळल्यावर मधला भाग वर येतो तसा कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्यावरच्या पारदर्शक पडद्याचा, मधला भाग थोडा उंच होतो, म्हणून जवळचं दिसायला लागते. पण ते आकसणं टिकत नाही, सैल पडते. ठिपके सारखे नाही बसले तर सिलिंडरचा नंबर येते, म्हणजे पडद्याची गोलाई वाकडी होते, तोच मला आला. अन चाळिशीत जवळचं दिसत नाही ते डोळ्याच्या आतलं भिंग कडक होते म्हणून, त्याले हे ठिपके काय करणार?

माझ्या भाच्यानं नंतर शोधून सांगितलं, अमेरिकेत २००२ साली याला परवानगी मिळाली ती पाऊण ते सव्वातीन प्लसपर्यंतच. २००४ मध्ये जवळच्या नजरेसाठी मिळाली, त्यात तर सरळ तात्पुरतं असंच लिहिलंय अन तेही एकाच डोळ्यात. माझा नंबर चार होता, दोन्ही डोळे केले! म्हणजे दवाखान्यानं मला हो म्हणायलाच नको होतं.

कोणी असं सांगितलं तर आधी विचारा की मशीन कोणती, माझा नंबर त्यात बसते का, किती महिने टिकेल, अन उत्तर केस पेपरवर लिहून घ्या. कॉर्नियाची जाडी मोजली नाही तर तिथून उठून या, माझी मोजलीच नव्हती. पक्की पावती घ्या, माझ्याकडे साध्या कागदावरची चिठ्ठी आहे, तिच्यावर ना नंबर ना मशीनचं नाव. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार द्यावी लागते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. माझी मुदत दिवाळीनंतर संपते, सोमवारी अर्ज घेऊन जाणार आहे, त्या दोघी बाया पण सोबत येतो म्हणाल्या.