नकोसं काम हातावेगळं करायचंय: टायमर लावावा की वेळ बांधून घ्यावी?

बँकखात्याचं नॉमिनेशन, आयकर विवरणपत्र, दाताच्या डॉक्टरांकडची फेरी. अशी कामं महिनोन्महिने रेंगाळली की आपण स्वतःला आळशी ठरवतो. टिमोथी पिचिल आणि फुशिया सिरॉइस हे चालढकलीचे अभ्यासक मात्र वेगळं सांगतात: माणूस त्या कामामुळे मनात येणारी धास्ती, कंटाळा किंवा लाज टाळत असतो. म्हणून उपाय निवडताना आधी आपल्याला नेमकं काय नकोसं वाटतंय ते पाहा.

काम अवाढव्य वाटत असेल, तर टायमर. 1980च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं टायमर-घड्याळ लावून अभ्यास सुरू केला आणि त्यातून पोमोडोरो पद्धत आली: 25 मिनिटं काम, 5 मिनिटं विश्रांती. कागदपत्रं आवरायला ही उत्तम. पलंगावर सगळा ढीग ओतायचा. पासबुकं एकीकडे, एफडीच्या पावत्या दुसरीकडे, विम्याचे कागद तिसरीकडे. घंटी वाजली की थांबायचं. पहिल्या फेरीत ढीग संपत नाही, पण कुठली पावती सापडत नाही ते कळतं आणि निम्मी भीती तिथेच जाते.

पण दोन मिनिटांच्या अवघड फोनला टायमर काय कामाचा? तिथे वेळ आणि जागा बांधून घेणं सरस ठरतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 1990च्या दशकात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक छोटा अहवाल लिहून पाठवायला सांगितला. कधी आणि कुठे बसून लिहिणार हे ज्यांनी आधीच ठरवलं, त्यांच्यापैकी बहुतेकांनी तो वेळेत पाठवला. बाकीच्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश जणांनी. ‘या आठवड्यात फोन करेन’ असं मोघम ठरवू नका. ‘सकाळचा चहा झाला की खिडकीशी उभं राहून फोन लावेन’ असं ठरवा. घरगुती कामांपुरतं विचाराल तर माझा कौल यालाच. यात उत्साह येण्याची वाट पाहावी लागत नाही.

विवरणपत्राला निदान मुदत असते. पगारदारांसाठी ती साधारण 31 जुलै. उशीर झाला तर 5,000 रुपयांपर्यंत विलंब शुल्क. त्या धाकाने ते भरलं जातं. नॉमिनेशनला असा धाक नाही, आणि तेच मला सर्वांत धोक्याचं वाटतं. ते राहून गेलं तर पैसे मिळवण्यासाठी घरच्यांना वारसा सिद्ध करणारी कागदपत्रं घेऊन खेटे घालावे लागतात, तेही ऐन दुःखात. 1 नोव्हेंबर 2025 पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात, त्यामुळे ‘दोन मुलांपैकी कोणाचं नाव घालू?’ ही अडचणही उरलेली नाही. याला टायमर नको. शाखेत जायचा वार ठरवा, तो घरातल्या कोणाला तरी सांगा, आणि जमलं तर त्यांनाच सोबत न्या.