फ्यूल पंपाला वेगळा रिले: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल: पंपाशी व्होल्टेज खरंच कमी मिळत असेल तरच पंपाला वेगळा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावून बॅटरीवरून थेट वीज द्यावी. उगाच केलं तर फक्त गाडीतले जोड वाढतात.

गाडी जुनी, एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी), पंप टाकीत. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.० व्होल्ट, पण पंपाच्या कनेक्टरवर १०.९. कमी पडलेल्या ३.१ पैकी २.२ व्होल्ट प्लसच्या वाटेत गळत होते, उरलेले ०.९ अर्थमध्ये. ही दुसरी मोजणी बहुतेक जण करतच नाहीत, नवा रिले बसवतात आणि गंजलेला अर्थ तसाच ठेवतात.

सामान: १२ व्होल्ट ३० अँपिअरचा चार पिनी सीलबंद रिले, सॉकेट, १५ अँपिअरचा फ्यूज होल्डरसकट, २.५ स्क्वेअर एमएमची ऑटो वायर प्लससाठी साडेचार मीटर आणि पंपाच्या नव्या अर्थसाठी अर्धा मीटर, ६.३ मिलिमीटरचे लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे जोड), १एन४००७ डायोड (कॉइल बंद होताना उसळणारं व्होल्टेज जिरवायला). पंप साधारण साडेपाच अँपिअर घेतो, म्हणजे एवढ्या लांबीत नव्या वायरीत जेमतेम ०.२ व्होल्ट जातात.

बॅटरीचा मायनस काढूनच सुरुवात करावी. बॅटरीच्या प्लसवरून वायर निघाली की वीतभराच्या आत फ्यूज, मग रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला (३० आणि ८७ मधून पंपाचा करंट जातो, ८५ आणि ८६ ही रिले ओढणाऱ्या कॉइलची टोकं). ८७ वरून पंपाला. ८५ अर्थला. आणि ८६ ला पंपाची मूळ वायर, कारखान्याच्या रिलेकडून येणारी. इथेच बरेच वायरमन सोपा मार्ग म्हणून इग्निशनची वायर जोडतात. तसं केलं की अपघातात इंजिन बंद पडलं तरी पंप पेट्रोल ढकलतच राहतो. मूळ वायर वापरली की ईसीयूचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) ताबा कायम राहतो: की ऑन केल्यावर पंप दोनेक सेकंद घूं करून थांबतो आणि सेल्फ मारल्यावर पुन्हा चालू होतो. थांबला नाही तर जोडणी चुकली. डायोड कॉइलच्या दोन टोकांमध्ये, ८५ आणि ८६ वर, पट्टीची बाजू ८६ कडे. उलटा लागला तर कारखान्याचा फ्यूज उडू शकतो.

पाच पिनी रिले हाती आला तर ८७ए (रिले बंद असताना ३० शी जोडलेली पिन) मोकळा ठेवून त्यावर स्लीव्ह चढवावी. चुकून पंप त्यावर गेला तर चावी काढल्यावरही तो चालतो.

रिले डिकीच्या बाजूच्या पॅनेलमागे, टाकीच्या झाकणापासून लांब, पिना खाली करून. आत ठिणगी पडते, पेट्रोलच्या वाफेजवळ तो नकोच.

आता पंपाशी १३.५ व्होल्ट मिळतात. आयडलवर काडीचा फरक नाही, मायलेज तेवढंच. फरक घाटात, एसी लावून तिसऱ्या गिअरवर चढताना: आधीची अडखळ गेली. प्रेशर रेग्युलेटरमुळे जादा पेट्रोल परत टाकीत जातं, त्यामुळे इंजिनाला जास्त मिळेल ही भीती नको. ज्या नव्या गाड्यांत पंपाचा वेग कंट्रोल मॉड्यूल ठरवतं, तिथे मात्र हा उद्योग करू नये.

तक्रार एकच, आणि ती सॉकेटची. पावसाळ्यात ८७ चा लग हिरवट झाला, सॉकेट हाताला चटका देण्याइतकं तापलं. रिले कोमट लागणं ठीक, कॉइलची उष्णता असते. सॉकेट तापलं तर लग ढिला. लग बदलून नीट दाबला, डायलेक्ट्रिक ग्रीस लावलं. तेव्हापासून दर दोन महिन्यांनी ३० आणि ८७ मध्ये, पंप चालू असताना, मीटर लावायचा: ०.१ व्होल्टच्या वर गेला की रिले किंवा सॉकेट बदलायची वेळ.