मोती चौकाजवळचं पत्रिकांचं दुकान: इथे छापण्याआधी वाचतात

साताऱ्यात पत्रिका छापून देणारी दुकानं पुष्कळ आहेत. आलेला मजकूर आधी नीट वाचणारं आणि मगच छापणारं दुकान मला मोती चौकाजवळच्या बोळात सापडलं. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, सहस्रचंद्रदर्शनाच्या पत्रिका आम्ही तिथून करून घेतल्या. दीडशे प्रती, जाड हस्तिदंती कागद, मधे एक घडी, पाकिटासकट एका पत्रिकेला २६ रुपये. शुद्धलेखन तपासण्याचे वेगळे पैसे नाहीत. छापलेल्या कागदावर चुकीची वेलांटी दिसली की ज्यांचा जीव कासावीस होतो, त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते आहे.

आधी आम्ही दुसरीकडे गेलो होतो. चकचकीत, वातानुकूलित, मोठ्या पडद्यावर नमुने दाखवणारं दुकान. मजकूर मी स्वच्छ अक्षरात लिहून दिला होता. तिथल्या मुलाने तो टाइप करून व्हॉट्सॲपवर पाठवला, तर पहिलीच ओळ अशी: ‘आमच्या अण्णाचा सहस्त्रचंद्रदर्शन सोहळा’. खाली ‘आशिर्वाद’, ‘प्रित्यर्थ’, ‘कुटुंबिय’, ‘वडीलांच्या’.

वेलांट्यांचं एक वेळ समजू शकते, पण ‘अण्णाचा’? आदरार्थी बहुवचनाला प्रत्यय लागला की मधे अनुस्वार येतो, आणि लिहिताना सगळा मान त्या टिंबात असतो. ‘अण्णांचा’ म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांचा. ‘अण्णाचा’ म्हणजे बरोबरीच्या कुणाचा तरी. ज्यांना आम्ही जन्मात कधी अरेतुरे केलं नाही, त्यांना त्यांच्याच पत्रिकेत अरेतुरे, आणि तेही ८१व्या वर्षात! मी हे सांगितलं तर उत्तर आलं, ‘‘मॅडम, कळतंय ना सगळ्यांना? एवढं कोण बघतं?’’ बऱ्याच बोलण्यानंतर टिंब आलं, पण ‘सहस्त्र’ काही हलेना, कारण ‘सगळे असंच लिहितात’. आगाऊ दिलेले पैसे तिथेच सोडून आम्ही निघालो.

मोती चौकाजवळच्या दुकानात काका एकटेच बसतात, हाताखाली एक मुलगी आहे. काकांचे वडील छापखान्यात जुळारी होते, एकेक खिळा, म्हणजे एका अक्षराचा धातूचा ठसा, उचलून ओळ जुळवायचे. काकांचं काम आता संगणकावर चालतं, पण वाचायची शिस्त त्या काळातली आहे. मजकूर हातात पडला की आधी ते साध्या कागदावर प्रूफ, म्हणजे तपासायची प्रत, काढतात. ओळीखाली पट्टी धरतात आणि निळ्या पेनने समासात खुणा करत खाली सरकतात. नावं, तारखा आणि फोन नंबर आपल्याकडून मोठ्याने वाचून घेतात. तारखेला खरंच रविवार येतो का आणि तिथी जुळते का, हे भिंतीवरच्या कॅलेंडरात बघतात. सगळं झालं की आपली सही घेतात. सहीशिवाय छपाई नाही.

आमच्या मजकुराला आधीच्या दुकानाची हवा लागलेली होती, कारण माझ्या भावाने तिथलीच फाइल पुढे पाठवली. काका पहिल्याच ओळीतल्या ‘सहस्त्र’वर थांबले. ‘‘स्त्रीमध्ये त आहे, स्तोत्रात आहे. सहस्रात कुठून आला?’’ मग शेजारी लिहून दाखवलं: स् आणि र, एवढंच. सहस्र, स्रोत, हिंस्र या तिन्ही शब्दांत लोक हटकून ‘त’ घुसडतात, आणि साताऱ्यातल्या निम्म्या सहस्रचंद्रदर्शनांच्या कमानींवर तो असतो, असं ते कळवळून सांगत होते. काचेखाली त्यांनी मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम ठेवले आहेत, १९६२चे १४ आणि १९७२ साली भर पडलेले ४. गिऱ्हाईक वाद घालायला लागलं की काका त्या कागदावर बोट ठेवतात. ‘वडील’ लिहिताना ‘डी’ दीर्घ आणि ‘वडिलांच्या’ लिहिताना ऱ्हस्व, कारण सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागताना होणाऱ्या रूपात, ती वेलांटी बदलते. गरीब-गरिबाला, वकील-वकिलाला, दूध-दुधाचा, सगळं एकाच चालीचं. ‘आशीर्वाद’ मात्र संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, त्याची ‘शी’ दीर्घच. हे त्यांनी माझ्या कॉलेजातल्या भाचीला समजावलं आणि तिने लक्ष देऊन ऐकलं. शाळेत हे इतक्या सरळ सांगितलं असतं तर मार्क गेले नसते, असं ती रिक्षात म्हणाली.

पत्रिकेच्या बाबतीत एक अडचण अशी असते की आपण मजकूर बरोबर देऊनही तो छापताना बिघडतो. मोबाइलवरचा मजकूर युनिकोडमध्ये असतो आणि पत्रिकांच्या कामात बऱ्याच ठिकाणी जुने फॉन्ट अजून चालतात. एकातून दुसऱ्यात नेताना रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो, ‘ऱ्य’ मोडतो. आमच्या ‘साऱ्या कुटुंबीयांच्या वतीने’चं ‘सार्या’ झालं होतं. काकांनी ते टिपलं आणि हाताने दुरुस्त केलं. बारीक वाटेल, पण आचाऱ्यांना पैसे देणं आणि आचार्यांना पैसे देणं यांत फरक आहेच ना? दऱ्या डोंगरात असतात, दर्या कोकणात. ‘द्ध’चंही तसंच. ‘शुध्द’, ‘प्रसिध्द’, ‘वृध्द’ इतक्या वेळा डोळ्यांखालून जातं की बरोबर रूपच परकं वाटायला लागतं. आधी द, त्याला जोडून ध. काकांची मदतनीस मुलगी हे न बघता टाइप करते.

मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. आमच्या आत्याने अण्णांवर चार ओळी रचल्या होत्या, तिच्या जावळीकडच्या बोलीत. त्यात ‘न्हाई’, ‘हाय’, ‘आलतो’ असं सगळं. भावाने त्या ‘शुद्ध’ करून द्यायच्या ठरवल्या होत्या. काकांनी प्रूफवर त्या चार ओळींना चौकट आखली आणि बाजूला लिहिलं: हात लावू नये. म्हणाले, ‘‘ही ताईंची बोली आहे, ती अशीच बरोबर आहे. ‘सहस्त्र’ ही कुणाचीच बोली नाही.’’ शुद्धलेखनाच्या नावाखाली गावाकडच्या माणसाच्या बोलण्याला हसणारे लोक मी नोकरीत खूप पाहिले. बाजारात कुणी ‘पानी’ म्हणालं म्हणून नाक मुरडायचं आणि स्वतः कार्यालयाच्या पाटीवर ‘सुचना’ लिहायचं. काकांना यातला भेद नेमका कळतो, म्हणून त्यांच्यावर विश्वास बसतो.

नावांच्या बाबतीतही ते जपून असतात. पुतण्याचं नाव कागदोपत्री ‘दिपक’ आहे. शब्द म्हणून ‘दीपक’ बरोबर, हे त्यांनी सांगितलं, पण बदललं नाही. पुतण्याला फोन लावायला सांगितला आणि त्याने सांगितलं तसं ठेवलं.

आता उणिवा. दुकान शोधावं लागतं आणि गाडी लावायला जागा नाही. नमुन्यांचे अल्बम जुने आहेत. गणपती, कलश, मोर यांपलीकडे फार काही नाही. सोनेरी छपाई काही पत्रिकांवर किंचित सरकली होती. त्या बदलून दिल्या, पण त्यात वेळ गेला. मोबाइलवर पाठवायची व्हिडिओ पत्रिका ते करत नाहीत. आणि घाई केलेली त्यांना खपत नाही. मजकूर आज देऊन उद्या पत्रिका हवी असेल तर ते सरळ नाही म्हणतात.

फ्लेक्सही ते छापत नाहीत. पण कमानीवरचा मजकूर त्यांनी टाइप करून, कर्व्ह करून दिला. कर्व्ह केलं की अक्षरांचं चित्र होतं आणि पुढच्या दुकानात कुणाला त्यातला काना-मात्रा बदलता येत नाही. आमच्या सोहळ्याच्या कार्यालयाबाहेरच्या कमानीवर ‘अभीष्टचिंतन’ बरोबर आलं ते यामुळेच. अभि आणि इष्ट यांची संधी, म्हणून ‘भी’ दीर्घ. गावातल्या वाढदिवसांच्या फ्लेक्सवर हा शब्द बघून मी आजवर नुसतीच चडफडत आले होते. या कामाचे त्यांनी १५० रुपये घेतले, ते मला कमीच वाटले.

अण्णा निवृत्त तलाठी आहेत, आयुष्यभर सातबारे लिहिले. त्यांनी पत्रिका चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि ‘कुणी टाइप केली?’ एवढंच विचारलं. मग दोन प्रती स्वतःसाठी मागून घेतल्या.

लग्नाची पत्रिका करायची असेल तर तुळशीच्या लग्नाआधीच मजकूर देऊन या, नंतर काकांकडे रांग असते. मजकूर कागदावर लिहून न्या, मूळ कागद ते प्रूफाला जोडून ठेवतात. आणि प्रूफ वाचायला घरातल्या कुणातरी वडीलधाऱ्यांना बरोबर न्या. त्यांच्यासाठी दुकानात एक खुर्ची कायम मोकळी ठेवलेली असते.