क्रायसिस टीम: ५ पैकी ४ स्टार
भावाला रात्री अचानक आवाज ऐकू यायला लागले, खिडकीची काच फोडली, शेजारी म्हणे सरळ आत टाका याला. आम्ही क्रायसिस लाइनला, म्हणजे मानसिक त्रासाच्या इमर्जन्सीसाठीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. सायरन न वाजवता एक नर्स आणि साध्या कपड्यातला पोलीस आला, नर्स त्याच्यासमोर फरशीवरच बसली नि हळू आवाजात एकेक प्रश्न विचारत राहिली, बेड्या नाही काही नाही, केसही केली नाही, थेट ट्रीटमेंट सेंटरला नेलं. अशा माणसाला कसं हाताळायचं याचं पोलिसांचं हे ४० तासांचं ट्रेनिंग अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये १९८८ ला सुरू झालं, तरी अजून सगळीकडे नाही, कमाल आहे! एक स्टार कापला कारण डिस्चार्जनंतर पुढची अपॉइंटमेंट कोणी धड देत नाही, गोळ्या संपत आल्यात आणि सेंटरवाले फोन उचलतील तर शप्पथ.