मंगळदास मार्केट: शिवणाऱ्यांचं दुकान, रंगवणाऱ्यांची खरेदी

घरातल्या एका खोलीत किंवा भाड्याच्या गाळ्यात कापड रंगवणाऱ्या-छापणाऱ्यांना मुंबईत मंगळदास मार्केटला तोड नाही. क्रॉफर्ड मार्केटच्या जवळ, सीएसएमटीहून चालत जाण्यासारखं, रविवारी बंद. मुळजी जेठा मार्केट थोडं पुढे, पण तिथे घाऊकचा कारभार, थानाच्या, म्हणजे अख्ख्या ताग्याच्या भाषेत बोलायचं. मंगळदासला मीटरवर मिळतं. आधी दोन मीटर नेऊन रंगवून बघता येतं, हा सगळ्यात मोठा फायदा.

अडचण एवढीच की इथलं गिऱ्हाईक मुख्यतः कपडे शिवणारं. "एकदम मऊ, एकदम सफेद" म्हणून जे पुढे उलगडलं जातं, नेमकं तेच रंगकामाला नडतं. मऊपणा बऱ्याचदा सॉफ्टनरचा, म्हणजे मऊ करणाऱ्या रसायनाचा असतो, आणि निळसर झाक मारणारा पांढरेपणा ऑप्टिकल ब्राइटनरचा, म्हणजे चमक आणणाऱ्या रसायनाचा. त्यावर फिक्या छटा मनासारख्या उतरत नाहीत. 'आरएफडी' मागा, म्हणजे ब्राइटनर न घातलेलं, रंगवायला तयार कापड. नाहीतर सरळ मांजरपाट किंवा कोरी, म्हणजे ब्लीच न केलेली मलमल घ्या.

आरएफडीवर पाण्याचा थेंब टाका. चार-पाच सेकंदांत जिरला तर ठीक, मोत्यासारखा उभा राहिला तर ते कापड घेऊ नका. कोऱ्या कापडावरही थेंब थांबतो, पण ते कापसाचं मेण आणि खळ, उकळल्यावर जातं. सिलिकॉनचा सॉफ्टनर सहजी जात नाही.

सुती आहे का हे बघायला उभे आणि आडवे धागे वेगवेगळे काढून जाळा, कारण भेसळ अनेकदा एकाच दिशेने असते. (काडी मार्केटबाहेर येऊन ओढा, आत कोणी माफ करणार नाही.) जळक्या कागदाचा वास आणि मऊ राख म्हणजे सुती, कडक मणी झाला तर पॉलिस्टर. रेयॉन मात्र सुतासारखंच जळतं. तिथे धागा ओला करून ओढा. रेयॉन ओलं झालं की पटकन तुटतं.

स्टुडिओत आल्यावर कोरं कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजत ठेवा. मग किलोभर कोरड्या कापडाला 25-30 लिटर पाणी, 20-30 ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून तासभर उकळा. पाणी चहासारखं तांबूस होतं. फार गढूळ निघालं तर पुन्हा एकदा. पातेलं स्टीलचंच हवं. तांब्याच्या पातेल्यात पुढे नैसर्गिक रंगांची छटा पालटते. वाळल्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका: निळा-काळा डाग पडला तर खळ अजून आहे. हा टप्पा घाईत उरकला की हिरडा आणि लोखंडाने आणलेल्या करड्या रंगावर ढगासारखे पट्टे येतात आणि दोष बिचाऱ्या हिरड्याला लागतो. लोखंडही बेताचंच, हिराकस (लोखंडाचा क्षार) कापडाच्या वजनाच्या दोन-तीन टक्क्यांपर्यंत. त्यापुढे सूत कुजायला लागतं.

कोरं कापड आटतं, तेव्हा मीटरमागे आठ-दहा सेंटिमीटर जादा धरा. पन्हा, म्हणजे रुंदीही आटते, 44 इंची कापडावर कडेपर्यंत ठशांची मांडणी आखू नका.

मालिकेतलं काम असेल तर सगळं कापड एकाच थानातून, एकाच वेळी उचला. त्याच नावाचं, त्याच भावाचं कापड पुढच्या खेपेला वेगळ्या गिरणीचं असू शकतं आणि रंग वेगळा पितं. पावसाळ्यात जाताना गठ्ठा गुंडाळायला जाड प्लास्टिक घरूनच न्या.