फोटोत गिब्सन, हातात नक्कल

85,000 रुपयांना विकली गेलेली ती गिटार फोटोत चोख दिसत होती. चेरी सनबर्स्ट रंग, मेपलच्या पट्ट्यांची झळाळी, गिटारच्या वरच्या टोकाला, म्हणजे हेडस्टॉकवर, मोत्यासारख्या अक्षरांत गिब्सन हे अमेरिकन कंपनीचं नाव, तपकिरी हार्ड केस आणि वर एक प्रमाणपत्र. गिब्सनचं लेस पॉल स्टँडर्ड हे मॉडेल नवं दोन लाखांच्या आत मिळत नाही. त्यामुळे "भावाने अमेरिकेतून आणली, आता वाजवत नाही" हे कारण पटलं. सौदा एका मॉलच्या पार्किंगमध्ये झाला. घेणाऱ्याने हेडस्टॉक पाहिला, चार कॉर्ड वाजवल्या आणि पैसे दिले. घरी तारा बदलायला काढल्या तेव्हा खोट उघडी पडली. तोवर विकणाऱ्याचा नंबर बंद झाला होता.

अशी नकली गिटार फोटोसाठीच बनवलेली असते. फोटोत जे दिसतं तिथे मेहनत घेतलेली असते आणि जे दिसत नाही तिथे पैसे वाचवलेले असतात. म्हणून सौद्याला जाताना छोटा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, मल्टिमीटर, गिटारची केबल आणि मेकॅनिक टॅपेट सेट करायला वापरतात तो फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) बरोबर ठेवा. साधा मल्टिमीटर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ काहीशे रुपयांत मिळतो. "स्क्रू उघडू नका" म्हणणाऱ्याशी सौदा करायचा नाही, मग तो कितीही गोड बोलो.

सुरुवात ट्रस रॉडच्या, म्हणजे नेकचा (गिटारच्या लांब दांड्याचा) बाक सांभाळणाऱ्या आतल्या सळईच्या, झाकणापासून करा. तारा ज्या खाचांच्या पट्टीवरून हेडस्टॉकवर जातात तिच्या वर घंटेच्या आकाराची काळी पट्टी असते. खऱ्या गिब्सनवर ती दोन स्क्रूंनी बसवलेली असते, नकलेवर बहुतेक वेळा तीन. पण स्क्रू मोजून थांबू नका, झाकण काढा. खऱ्या लेस पॉलमध्ये आत ट्रस रॉड आवळायचा पितळेचा षटकोनी नट दिसतो, त्याला 5/16 इंचाचा, म्हणजे जवळपास 8 मि.मी.चा बॉक्स स्पॅनर लागतो. नकलेत तिथे ॲलन कीचं भोक असतं. या गिटारमध्येही तेच होतं. (एपिफोन या गिब्सनच्याच स्वस्त ब्रँडला ॲलन की चालते, त्यात काही गैर नाही. पण एपिफोनवर गिब्सनचं नाव चिकटवून विकणारेही आहेत.)

मग गिटार उलटी करून हेडस्टॉकच्या मागच्या बाजूला टॉर्च अगदी तिरका धरा. लेस पॉलचा हेडस्टॉक नेकच्या लाकडातूनच निघतो, साधारण 17 अंश मागे झुकलेला, आणि फक्त रुंदीसाठी दोन्ही कडांना छोटे तुकडे जोडलेले असतात. नकलेत लाकूड वाचवण्यासाठी हेडस्टॉक वेगळा कापून तिरका जोडतात. त्या जोडाची रेघ रंगाखालूनही दिसते. वेडीवाकडी, तंतूंच्या दिशेने गेलेली रेघ दिसली, तर गिटार खरी असली तरी पडून तुटलेली आणि चिकटवलेली आहे. गिब्सन नेमकी तिथेच तुटते, कारण ट्रस रॉडच्या नटसाठी खाच कोरल्याने लाकूड तिथे पातळ झालेलं असतं. अशा गिटारची किंमत बरीच खाली यायला हवी.

मेपलची झळाळी तपासायला साहित्य लागत नाही. गिटार उजेडात धरून हळूहळू तिरकी करा. खऱ्या मेपलमध्ये उजळ पट्टा गडद होतो, गडद उजळतो, पट्टे सरकल्यासारखे वाटतात. या गिटारचे पट्टे जागचे हलत नव्हते. लाकडावर छापील फिल्म चिकटवलेली होती.

सीरियल नंबरवर मात्र भिस्त ठेवू नका. 1977 ते 2005 मधल्या आठ आकडी नंबरात पहिला आणि पाचवा आकडा वर्षाचे, दुसरा ते चौथा वर्षातल्या दिवसाचे. 9123 ने सुरू होणाऱ्या नंबरात पाचवा आकडा 7 असेल, तर गिटार 1997 च्या 123व्या दिवशीची, म्हणजे 3 मेची. दिवस 366 च्या वर गेला तर खोटेपणा तिथेच ठरतो, अपवाद फक्त 1994 च्या, 94 ने सुरू होणाऱ्या नंबरांचा. पण बरोबर निघालेला नंबर काहीच सिद्ध करत नाही, कारण खऱ्या गिटारचा नंबर पाहून तोच शंभर नकलांवर ठोकता येतो. प्रमाणपत्राचंही तेच, तो छापलेला कागद आहे.

मागचं झाकण उघडून पॉट, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे भाग, बघा. खऱ्या गिटारमध्ये मोठे, सुमारे 24 मि.मी. व्यासाचे पॉट असतात, नकलेत 16 मि.मी.चे छोटे. आत सर्किट बोर्ड दिसला म्हणून लगेच खोटी ठरवू नका, काही वर्षं गिब्सननेही बोर्ड वापरले. आता केबल लावून मल्टिमीटर 20 k (किलो-ओहम) वर ठेवा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि प्लगच्या टोकाला आणि मागच्या भागाला प्रोब लावा. एका हंबकरचं (म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या, दोन कॉइलच्या पिकअपचं) रीडिंग साधारण 7.5 ते 8.5 k यायला हवं. पिकअप निवडायचा टॉगल मधोमध असेल तर दोन्ही पिकअप समांतर जोडले जाऊन रीडिंग 4 k च्या आसपास येतं, ते बिघाड समजू नका. एकाच पिकअपवर 4 k आलं, तर त्याची एक कॉइल गेलेली असू शकते. मीटरने रेंजबाहेर दाखवलं तर पिकअपची तार तुटली आहे आणि मीटर फक्त 500 k चा पॉट मोजतोय. या परीक्षेने पिकअप जिवंत आहे का ते कळतं, खरा की खोटा ते नाही. नकलेतही 8 k सहज येतं.

फिंगरबोर्डच्या (नेकवरच्या, बोटांनी तारा दाबायच्या फळीच्या) शेवटच्या फ्रेटजवळ, म्हणजे धातूच्या आडव्या पट्टीजवळ, लायटर फ्लुइडचा बोळा फिरवून बघा. बोळ्यावर तपकिरी-काळा रंग उतरला, तर ते रोझवूड नसून रंगवलेलं साधं लाकूड आहे. मग बाराव्या फ्रेटवरची हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून वाजवलेली नोट) आणि दाबलेली नोट ट्यूनरवर जुळवा. दाबलेली नोट वर चढत असेल तर सॅडल, म्हणजे ब्रिजवरचा तारेचा टेकू, मागे घ्यावं लागतं. या गिटारवर सॅडल पूर्ण मागे नेऊनही तिसरी तार 12 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वरच राहिली. ब्रिजचे खांबच चुकीच्या जागी ठोकले होते, आणि ते भोकं बुजवून पुन्हा पाडल्याशिवाय सुधारत नाही.

नेकसाठी पहिल्या फ्रेटला कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटचा फ्रेट दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली फीलर गेज सरकवा. 0.25 मि.मी.च्या आसपास फट हवी. बरीच जास्त असेल आणि ट्रस रॉडचा नट आधीच घट्ट आवळलेला असेल, तर पुढे सुधारायला जागा उरलेली नाही. विकणाऱ्याच्या समोर जोर लावून फिरवू नका, मोडला तर खापर तुमच्यावर फुटेल.

पैशांचं थोडक्यात. गिटार हातात येण्याआधी "टोकन" किंवा "कस्टम ड्यूटी" म्हणून काहीही पाठवू नका. पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. "क्यूआर स्कॅन करून पिन टाका, पैसे परत येतील" म्हणजे पैसे जाणार. रोख देऊ नका, व्यवहाराची नोंद राहू द्या. फसलात तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, सगळं चॅट आणि व्यवहाराचा 12 आकडी यूटीआर नंबर तयार ठेवा. पैसे पुढच्या खात्यातून निघण्याआधी खातं गोठवता आलं तरच काही हाती लागतं, म्हणून उशीर करू नका. प्रत्यक्ष भेटीतल्या सौद्यासाठी पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 (फसवणूक) खाली तक्रार होते. तक्रारीआधी गिटार खोलू नका, जशी आहे तशी फोटो काढून ठेवा.

आणि ती गिटार पुढच्या माणसाला गिब्सन म्हणून विकू नका. बनावट ट्रेडमार्कचा माल विकणं हा ट्रेड मार्क्स कायदा, 1999 प्रमाणे गुन्हा आहे, आणि तिकडेही तुमच्यासारखाच कोणीतरी साठवलेले पैसे घेऊन उभा असतो. तक्रार मार्गी लागली की हेडस्टॉकवरचं नाव घासून काढा आणि दुरुस्ती शिकायला ती वापरा. आधी ब्रिज आणि जॅकच्या बाहेरच्या टोकामध्ये कंटिन्युइटी (वीज सलग जाते का) तपासा. नकलांमध्ये ब्रिजची अर्थिंगची तार बऱ्याचदा जोडलेलीच नसते, म्हणून तारांना हात लावला तरी हम, म्हणजे ॲम्पमधली घुमघुम, कमी होत नाही. वीतभर वायर आणि सोल्डरचा एक टाका, तेवढ्याने तो हात लावताच कमी होतो.